रविवारच्या बाजारातली मुकी

“मुकी हाय वाटतं गं पोरगी.”

हे माझ्याबद्दल होतं. मी मेथीच्या पेंड्यांसमोर दोन बोटं वर करून उभी होते आणि भाजीवाल्या मावशी माझ्या डोक्यावरून शेजारच्या टोमॅटोवालीशी बोलत होत्या.

“व्हय की,” टोमॅटोवाली म्हणाली. “सकाळधरनं चारदा गेली हितनं. थांबती, व्हट हलवती आणि जाती.”

आईचा गुडघा दुखायला लागल्यापासून आठवडी बाजार माझ्याकडे आला होता. तीनशे रुपयांत चौघांची आठवड्याची भाजी बसवायची. त्यासाठी आईने एकच युक्ती शिकवली होती: सांगतील त्याच्या निम्मा भाव सांगायचा आणि चालायला लागायचं. “मागनं हाक मारतात. मारतातच.”

आईला मारत असतील. आईचा आवाज गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जातो. माझा जेमतेम माझ्या ओढणीपर्यंत जातो. मी निम्मा भाव सांगून चालायला लागायचे, पण मी भाव सांगितलाय हेच कुणाला कळलेलं नसायचं. त्यामुळे पहिल्या रविवारी मी बाजारात एका टोकाने शिरले आणि रिकामी पिशवी घेऊन दुसऱ्या टोकाने बाहेर पडले. मग पुन्हा पहिल्यापासून. मावशींनी मोजलेल्या चार फेऱ्या त्याच.

शेवटी मी बोटांवर आले होते. दोन बोटं म्हणजे वीस रुपयांना दोन पेंड्या, असं मला म्हणायचं होतं.

मी कुठलंही वाक्य आधी मनात इंग्रजीत मांडते. शाळेची सवय. मग ते मराठीत आणते आणि मग उद्धट तर वाटणार नाही ना, ते तपासते. “नाही हो, मला बोलता येतं,” हे वाक्य मराठीत येत होतं, तेवढ्यात मावशींनी तीन पेंड्या माझ्या पिशवीत कोंबल्या, वर कोथिंबीर टाकली आणि दोन्ही हातांची बोटं फाकून माझ्यासमोर धरली.

दहा रुपये. तीन पेंड्या.

मी वाक्य परत गिळलं आणि पैसे दिले.

घरी आईने पिशवी ओट्यावर रिकामी केली, मेथीचा भाव विचारला आणि पेंड्या दोनदा मोजल्या. “दहाला तीन? काय म्हणालीस तू?”

“जास्त बोलले नाही,” मी म्हटलं.

त्यानंतरच्या रविवारी मी खरं सांगणारच होते. पण मावशींनी मला लांबूनच बघितलं, हातवारे करून जवळ बोलावलं आणि बाजूला काढून ठेवलेली कोवळी गवारी दाखवली. गवारी त्या आठवड्यात परवडण्यासारखी नव्हती. मी म्हटलं, पुढच्या रविवारी सांगू.

मुकं माणूस बहिरंही असतं, असं त्या ओळीतल्या सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. माझ्यासमोर कुणीच आवाज खाली करायचं नाही. कुणाचा दुधी कालचा असून पाणी मारून ताजा केलाय, कुणाच्या वांग्यांत वरचा थर चांगला आणि खाली किडकी, कोण पाचच्या वडाप जीपने गावाला जातो आणि म्हणून साडेचारनंतर ढब्बू मिरची मिळेल त्या भावाला सोडतो, हे सगळं मला महिनाभरात पाठ झालं. एवढं लक्ष मी शाळेत दिलं असतं तर आज कुठल्या कुठे असते. आई शेजारच्या काकूंना सांगायला लागली की भाव करण्यात आमची पोरगी माझ्याही पुढे गेली. मलाही बाजारात सोबत ने, अशी काकूंनी गळ घातली. मी सांगितलं की मला एकटीला बरं पडतं.

मुकं राहणं मात्र वाटलं तेवढं सोपं नव्हतं. पायावर पाय पडला की माझ्या तोंडून आपोआप “सॉरी” निघतं. ते दाबायला मी तोंडात लवंग धरायला लागले. एकदा मी पैसे देत असताना पिशवीत फोन वाजला. मी ऐकूच येत नसल्यासारखी समोर बघत राहिले. तो वाजतच राहिला.

“मुकीला फोन कशाला ओ?” एका गिऱ्हाईकाने विचारलं.

“का? व्हाट्सॅप बघाय,” टोमॅटोवाली म्हणाली. “तुमीबी त्येच करतासा की.”

या टोमॅटोवालीने माझं लग्नही जमवत आणलं होतं. कबनूरला तिच्या भाचीचा दीर होता, त्याला ऐकू येत नव्हतं. “यंत्रमागावर कामाला हाय,” ती मावशींना समजावत होती. “तिथं त्या खडखडाटात कुणालाच ऐकाय येत न्हाय, मग काय बिघडलं? जोडा बेस जमंल.”

“तिला इचारल्याबिगर?” मावशी म्हणाल्या.

“इचारलं तर काय सांगणार हाय ती?”

मी लवंग चावली आणि वांगी निवडत राहिले, वरच्या थरातली.

पावसाळा संपता संपता एका रविवारी चहावाला किटली घेऊन आला. त्याने न विचारताच मावशींपुढे ग्लास धरला आणि मावशींनी मान फिरवली. त्यांनी डोक्याला फडकं आवळून बांधलं होतं. तोंड उतरलं होतं. माझ्या आधीच्या बाईला त्यांनी पन्नासऐवजी शंभरचे सुटे दिले होते आणि ते टोमॅटोवालीने ओरडून परत घेतले होते.

“घे की गं घोटभर,” टोमॅटोवाली म्हणाली. “चार रविवार झाले. डोकं फुटून मरशील.”

“न्हाय. बोललोय मी अंबाबाईला.”

“काय बोललीया?” चहावाल्याने विचारलं.

“ह्या पोरीला वाचा फुटस्तोवर चहा घेणार न्हाय म्हणून.” टोमॅटोवालीने हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. “दिसाला आठ कप पिणारी बाई.”

मावशींनी माझी पिशवी घेतली, तीत मेथी घातली आणि माझ्या गालाला हात लावला. हाताला कोथिंबिरीचा वास होता. त्या माझ्याकडे बघून हसल्या आणि पुन्हा कपाळ दाबत बसल्या.

त्या आठवड्यात मी मेथी खाल्ली नाही. पळून जाता येतं का, याचा मी नीट विचार केला. बाजार बदलता आला असता. गुडघा बरा झालाय असं आईला पटवता आलं असतं. पण मी दिसेनाशी झाले, तर मला वाचा फुटल्याचं मावशींना कधीच कळणार नव्हतं आणि त्यांचा चहा जन्मभरासाठी सुटणार होता. मी बाथरूममध्ये नळ सोडून वाक्याचा सराव केला. आईने बाहेरून विचारलं, “कुणाशी बोलतीयस?”

रविवारी मी लवंग न घेता गेले. मावशी तराजूत वाटाणा भरत होत्या. मी पाठ केलेलं वाक्य चार शब्दांचं होतं, त्यातला एकच निघाला.

“मावशी.”

तराजू खाली गेला. वाटाणा रस्त्यावर सांडला.

“बोलली,” मावशी म्हणाल्या. मग टोमॅटोवालीकडे बघून पुन्हा, “आगं, बोलली पोरगी.”

पुढचं सगळं माझ्या वेगापेक्षा फार जोरात झालं. टोमॅटोवाली स्वतःच्या ढिगावरून उडी मारून आली. कुणीतरी समोरच्या गाड्यावरून नारळ आणला, कुणीतरी माझ्या कपाळावर हळद चोपडली. चहावाल्याला हाका गेल्या. मी तोंड उघडायचे आणि लोक म्हणायचे, बघा बघा, परत बोलती. मावशी रडत होत्या आणि त्यांच्या हातात वाफाळता ग्लास आला होता. मला वाटलं, पिऊ दे. त्यांचा चहा परत सुरू झाला, देवीचा मान राहिला, मी पुढच्या रविवारपासून नव्याने बोलायला शिकलेली मुलगी. कुणाचं काय गेलं?

तेवढ्यात गर्दीतून एक बाई पुढे आली. तिच्या कडेवर चारेक वर्षांची मुलगी होती. तिने मावशींचा हात धरला आणि अगदी हळू, माझ्यासारख्याच आवाजात विचारलं, “काय बोलला होतासा देवीला? माझी अजून बोलत न्हाय. आमी डॉक्टरकडं जातोय, पन आता त्ये बंद करू का?”

मावशींनी ग्लास खाली ठेवला आणि तिला सांगायला तोंड उघडलं.

मी त्या दोघींच्या मध्ये शिरले. वाक्य मनात मांडायला वेळ नव्हता. आवाज कुठून आला माहीत नाही, पण गल्लीच्या दुसऱ्या टोकाचा कांदेवालासुद्धा वळून बघायला लागला.

“ताई, डॉक्टर बंद करू नका. मावशी, मला पहिल्यापासून बोलता येतं. मला फक्त भाव करता येत नाही.”