निम्मी खूण

१९५७ सालचा बाजाराचा दिवस. डॉक्टर परभणीला गेलेले. पाथरीजवळच्या त्या छोट्या सरकारी दवाखान्यात कस्तुराबाई नर्स एकट्याच होत्या.

मेंढ्या राखणारा मल्हारी घोंगडीत लेकरू घेऊन आत शिरला. मागं बायको बानूबाई आणि आई धुरपताबाई. आठ महिन्यांच्या लेकरानं मान टाकली होती.

"खोकला लय वाढला, बाई. सुई द्या."

कस्तुराबाईंनी पेनिसिलिनची कुपी उचललीही होती. पण लेकराची छाती वाजत नव्हती. घड्याळ धरून श्वास मोजले. मिनिटाला अकरा. निमोनियाचं लेकरू धापा टाकतं. हे श्वास घ्यायचंच विसरत होतं. पापणी उचलली, तर बाहुली टाचणीच्या टोकाएवढी.

"अफू कुणी दिली?"

मेंढरांमागं जाताना लेकराला गोळी चाटवून निजवणं घरोघर चालायचं. दवाखान्यात मात्र ते कुणी कबूल करत नसे.

"रागवत नाही. किती, तेवढं सांग. नाहीतर मी चुकीचं औषध टोचीन."

"तिळाएवढी," बानूबाई पुटपुटली. "रोजच्यावानीच."

रोजचीच, तर मग आजच असं का? कस्तुराबाईंचं लक्ष म्हातारीच्या हातातल्या बाटलीकडं गेलं. बाटलीला मात्रेच्या खुणा कापलेली कागदी पट्टी होती. चार दिवसांपूर्वी तिच्या खोकल्यासाठी त्यांनीच दिलेली. त्या औषधातही अफूचा अर्क होता.

"मावशी, ह्यातलं पाजलं?"

"निम्मी खूण. कोकराला मेंढीच्या निम्मं देतो आमी. जादा कशाला देईन?"

कस्तुराबाईंनी बाटली तिच्या हातातून काढून घेतली. बाटली देताना त्यांनी 'एका वेळी एक खूण' एवढंच सांगितलं होतं. घरात तान्हं आहे का, हे विचारलंच नव्हतं.

लेकराचे ओठ निळे झाले. श्वास थांबला.

त्याच्या नाकातोंडावर तोंड ठेवून त्यांनी गालातली हवा हलकेच फुंकली. छाती वर आली. "मल्हारी, तळव्यांना टिचक्या मारा. थांबू नका!" चार फुंकरा घालून त्यांनी श्वासाला चालना देणाऱ्या कोरामिनची कुपी फोडली. मोठ्या माणसाच्या मात्रेचा बारावा हिस्सा. सुईत बुडबुडा आला; तो काढला, टोचलं, पुन्हा फुंकर.

"काळं पडायलंय वो!" बानूबाईनं हंबरडा फोडला.

"तू रडू नको, त्याला रडव!"

पाऊण तासानं लेकरानं नाक आक्रसलं. बारीक किरकिरलं. मग भोकाड पसरलं. दिवस मावळेपर्यंत कस्तुराबाईंनी त्याला मांडीवरून खाली ठेवलं नाही की डोळा लागू दिला नाही.

पुढच्या बाजारी धुरपताबाई खोकत आली. कस्तुराबाईंनी बाटली भरली, पण हातात दिली नाही.

"घरात आणखी कोण खोकायलंय?"

"मेंढरं खोकायलीत. त्यांनाबी बोलवू का?"

"बोलवा. पण बाटली तुमची एकटीची. लेकराला थेंबसुद्धा नाही. म्हणा."

म्हातारीनं तोंड वाकडं केलं, पण म्हटलं. मगच बाटली मिळाली.