कुलपात अडकवलेलं कुलूप

काका गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या मनात आधी शंका आली, दुःख नंतर... मागे एकदा, कोण किती लवकर धावून येतं हे पाहायला त्यांनीच "बरं नाही" असा निरोप धाडला होता. मी धापा टाकत काशीतल्या दुर्गाघाटाच्या गल्लीत पोचलो, तर हे पोहे खात बसलेले. या वेळी मात्र मणिकर्णिकेपर्यंत खांदा द्यावा लागला.

काका शहराच्या पाणीखात्यात होते. शहर आणि हद्दीलगतची ग्रामपंचायत यांनी मिळून एकच पंपघर बांधलं, खर्च निम्मा-निम्मा. सगळे खूश, काका सोडून. "अरे, आपली पाठ फिरली की सगळं पाणी तिकडे वळवतील," ते मला म्हणाले. त्यांच्या हट्टापायी दाराला दोन कुलपं लागली, एक शहराचं, एक गावाचं. दोन्ही किल्ल्या हजर असतील तरच दार उघडणार. शहराची किल्ली काकांकडे, गावाची पंचायतीच्या रामसूरतजींकडे. संशयाच्या बाबतीत काकांचे सख्खे भाऊ शोभावेत असे.

मग ऐन जेठात, भर उन्हाळ्यात, रामसूरतजी किल्ली खिशात घालून भाचीच्या लग्नाला गेले. पंप बंद, आणि दोन्हीकडच्या बाया रिकाम्या बादल्या घेऊन पंपघराच्या दारात. काका आपली एकुलती किल्ली धरून उभे, आणि शेजारी मी, सल्ला द्यायला आलेला शहाणा. एका म्हातारीने विचारलं, "पंडितजी, पानी ताला पियेगा क्या?"

रामसूरतजी परतले तेव्हा काका साखळी घेऊन गेले. दाराच्या कड्यांतून ओवलेल्या साखळीची दोन टोकं जोडायला त्यांनी शहराच्या कुलपात गावाचं कुलूप अडकवलं. आता कोणाचंही एक उघडलं की दार मोकळं.

"भरोसा तो हमको आप पर आज भी नहीं है," काका म्हणाले.

"हमको भी कहाँ है," म्हणत रामसूरतजींनी साखळीचं दुसरं टोक धरलं.

निवृत्तीनंतर किल्ली दुसऱ्याकडे गेली, तरी काका रोज संध्याकाळी शहराचं कुलूप जागेवर आहे ना हे पाहायला जात. रामसूरतजी काकांवर नजर ठेवायला येत. पाळत ठेवता ठेवता दोघांचा चहा होई. काकू म्हणायच्या, "नोकरी सुटली, पहारा नाही सुटला."

तेरावं झालं आणि मला स्वस्थ बसवेना. काका नाहीत म्हटल्यावर गाववाल्यांनी शहराचं कुलूप काढून फेकलं असेल... मी पंपघरावर गेलो. कुलूप होतं, तेल घालून पुसलेलं. बाकावर रामसूरतजी एकटेच.

"बैठिए," ते सरकून म्हणाले. "मालूम था, उनके घर से कोई न कोई जाँचने आएगा."

त्यांनी चहा सांगितला. मी बसलो. पण बसण्याआधी कुलूप एकदा ओढून पाहिलं.