पठ्ठ्याचा चार्ज

सिस्टरच्या घरात आवाज चढवायची कुणालाही मुभा नव्हती. दूधवाल्याशी हुज्जत असो की भाच्याशी वाद, त्या माणसाला आधी जिन्यात न्यायच्या, दार ओढून घ्यायच्या आणि मग काय ते बोलायच्या. पहिल्याच भेटीत मलाही दंडाला धरून बाहेर काढलं. "घोषणा तिकडं चौकात दे. हा रागातलं लई लवकर उचलतो. तू जाशील निघून, मला जल्मभर ऐकावं लागंल."

हा म्हणजे पठ्ठ्या. राखाडी अंगाचा, लालभडक शेपटीचा आफ्रिकन पोपट.

मी ओरडले त्याला कारण होतं. क्रांती चौकात आम्ही 'पिंजरा म्हणजे तुरुंग' अशी पत्रकं वाटत होतो. दवाखान्यातून निवृत्त झालेल्या या नर्सबाईंनी पत्रक उभ्या उभ्या पूर्ण वाचलं. "बरं, उघडला पिंजरा. पुढं? आफ्रिका कंच्या रस्त्यानं हाय ते तू सांगणार व्हय त्याला?" असं म्हणून मला घरी घेऊन गेल्या. पिंजऱ्याचं दार उघडंच होतं. पण आतल्या पक्ष्याच्या छातीवर एक पीस नव्हतं. सोललेल्या कोंबडीसारखी गुलाबी कातडी. मी हादरले, किंचाळले आणि जिन्यात पोचले.

तिथे सगळं कळलं. भाच्याने पक्षी वाढदिवसाची हौस म्हणून आणला होता. पुण्याला नोकरी लागली तेव्हा "आत्या, थोडे दिवस सांभाळ" म्हणून ठेवून गेला, तो गेलाच. जीव लावलेलं माणूस गेलं की हा पक्षी स्वतःची पिसं स्वतः उपटतो. म्हणजे लोक केक आणावा तसा काय आणतात, तर लहान पोराएवढी समज असलेला जीव! आणि लाज कुणालाच वाटत नाही. मला हे आजही पचत नाही.

पठ्ठ्याचं सगळं वॉर्डासारखं चाले. सकाळी शिजवलेली मटकी, गाजर, पेरूची फोड, हिरवी मिरची. सूर्यफुलाच्या बियांसाठी तो मान वाकडी करून बसला की सिस्टर म्हणत, "ती तुझी भजी. सणाला." चहा, चॉकलेट बंद. नॉनस्टिक तवा तापून त्याची वाफ सुटली की पक्षी मरतो, म्हणून तवाच घरातून हद्दपार. चपलांच्या दुकानातून रिकामे खोके आणायच्या, आत शेंगदाणा लपवायच्या. दुपारभर तो खोका फाडत बसे. "रिकामी चोच छातीकडं वळती," हे त्यांचं निदान. पाहुणे "बोल मिठू, बोल" करायला लागले की स्पष्ट सांगत, "तो सर्कशीत नाय. तुम्ही बोला. त्याला वाटलं तर बोलंल."

छातीवर हळूहळू लव आली, मग पिसं. आणि त्याच सुमारास सिस्टरना स्वतःच्या दुखण्याचं नाव कळलं.

एकदा गेले तर पिंजरा जागेवर नाही.

"विकलात?"

"दिला. लासूर स्टेशनला, शाहीनभाभीकडं." शाहीनभाभी आधी समोरच्या घरात राहायच्या. सिस्टर बाहेर गेल्या की पठ्ठ्याला त्याच बघत.

माझा विश्वासच बसेना. "तुम्ही हिंडताफिरताय अजून! आत्ताच का? पुन्हा पिसं उपटेल तो!"

"उपटंल. म्हणून तर आत्ता. मी हाय तवर काय चुकलं तर सांगता येतं." मग माझ्याकडे वॉर्डातल्या नव्या पोरीकडे बघावं तसं बघत म्हणाल्या, "आमच्यात पुढची सिस्टर आली, एकेक पेशंट तिच्या हवाली केला, की मगच घरी जायचं. चार्ज दिल्याबिगर ड्युटी सोडत नसतात."

"निदान भेटायला तरी जा."

"अजिबात नाय. मला बघितलं की तिला सोडंल तो."

मी त्यांना निर्दय म्हणाले. तोंडावर. त्यांनी मलाच लासूरला धाडलं. पठ्ठ्या पुन्हा छातीची पिसं उपटून भिंतीकडे तोंड करून बसला होता. भाभी त्याच्याकडे न बघता शेजारी तूर निवडत होत्या. सिस्टरनी तसं सांगितलं होतं: त्याला येऊ दे, तू जाऊ नको. मला रडू आलं. पुढच्या खेपेला गेले, तर तो भाभींच्या खांद्यावर होता आणि त्यांच्या नवऱ्याच्या आवाजात ओरडत होता, "शाहीन, चाय!" भाभी म्हणाल्या, "क्या नखरे जी इसके! पर अब हमारा हो गया."

सिस्टरनी तोवर अंथरूण धरलं होतं. "पिसं?"

"येतायत."

"मला हाक मारतो?"

मला गोड बोलता येत नाही. "नाही. भाभींना मारतो. चहा मागतो."

त्या हसल्या. मग कुशीवर वळल्या. "झाला मग चार्ज," एवढंच म्हणाल्या.

त्या गेल्या त्या सकाळी मी भाभींना फोन केला. मागून पठ्ठ्याची शिट्टी येत होती. मटकी खाऊन झाली होती. त्याचं काही म्हणजे काही बिघडलं नव्हतं.

चौकात आम्ही अजून उभे असतो. मध्यंतरी एक गृहस्थ आले. मुलीच्या वाढदिवसाला आफ्रिकन पोपट घ्यायचाय, चांगला बोलणारा कुठे मिळेल?

मी विचारलं, "तुमच्यानंतर तो कुणाकडे जाणार, ते ठरलंय?"

ते भडकले. "शुभ बोला की हो जरा! वाढदिवस आहे पोरीचा!"

मी प्रश्न पुन्हा विचारला.