नानांचा न गळणारा खड्डा

नाना गेल्याचं मला पाचोऱ्याच्या बसस्टँडवर कळलं, आणि खरं सांगते, डोळे भरायच्या आधी मला तो पाण्याने भरलेला खड्डाच आठवला! महिना झाला, अजून तोच आठवतो.

नाना आमच्या नगरपालिकेत ओव्हरसियर, मी शाळेत विज्ञान शिकवणारी. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या वस्तीच्या वरच्या जुन्या दगडखाणीत गावचा कचरा टाकायचं ठरलं. खडक फुटका, कचऱ्याचं काळं पाणी झिरपून थेट आमच्या विहिरीत उतरणार, आणि वस्तीला विहीर ती एकच. मी तणतणत कचेरीत गेले, तर नाना टेबलावर काळी माती आणि क्रशरची भुकटी कालवत बसलेले! नुसती काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. खाणीत ढिगांनी पडलेली ही भुकटी मिसळली तर भेगा पडणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं. कचऱ्याखाली त्याचाच तळ घालायचा. वेडच लागलं होतं माणसाला... आणि मलाही लागलं.

नगरपालिकेचे साहेब म्हणाले, छोटा खड्डा करून दाखवा, पंधरा दिवसांनी बघायला येतो. गळला तर कचरा तसाच पडेल. नानांनी मजुरांना सांगितलं, धाब्यावर खारी घालता तसं घाला. झालं! धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या, घरात वाढलेली माणसं ती. छतावर खारी, म्हणजे पांढरी माती, कोरडीच पसरतात, पुढे पाऊस तिला बसवतो. त्यांनी मिश्रणही कोरडंच पसरलं. पाणी सोडलं, सकाळी खड्डा कोरडा ठणठणीत. मला रडूच कोसळलं. नाना मात्र कपाळावर हात मारून हसले. मजुरांचं काही चुकलं नाही, सांगणारा चुकला, म्हणाले.

मग मिश्रण भाकरीच्या पिठासारखं भिजवलं, थरावर थर देऊन रोलर फिरवला, पुन्हा पाणी भरलं. शेजारी पाण्याचं घमेलं ठेवलं, उन्हाने किती आटतं ते कळायला. रोज सकाळी आम्ही पळत जायचो. आठव्या दिवशी मुकादम आबा काठावरून ओरडले, “नाना, पानी तठेच शे!” पाणी खरंच तिथेच होतं, घमेल्यात आटलं तेवढंच खड्ड्यात आटलेलं. पन्नाशीचे नाना चक्क नाचले हो! साहेबांनी पाहिलं, आणि सगळ्या खाणीला तसाच तळ पडला.

परवा त्यांच्या घरी गेले. अक्कांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, कपाट उघडलं. आत काचेच्या बाटल्यांची रांग, प्रत्येकीवर साल लिहिलेलं. दर दिवाळीला नाना आमच्या विहिरीचं पाणी भरून आणायचे, उजेडात धरून बघायचे, अर्धं स्वतः प्यायचे आणि उरलेलं ठेवून द्यायचे. आम्हाला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. इतकी वर्षं धास्ती एकट्याने बाळगली या माणसाने... शेवटची बाटली रिकामी होती.

“यंदाची राहिली, ताई,” अक्का म्हणाल्या.

मी ती घेऊन आले. काल विहिरीवर भरली, उजेडात धरली. पाणी नितळ होतं. अर्धं प्यायले.