आमच्या मुकादमांनी काढलेली जाळी

आमच्या जिनिंगच्या मुकादमांना तिरडीपुढे उभं केलं असतं, तर मुडदा उठून खांदेकऱ्यांना म्हणाला असता, "सरका बाप्पा, मीच नेतो!" माणसात जोश भरायचा असा हुन्नर अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात दुसऱ्या कुणाकडे नव्हता. कापसातली सरकी काढून रुई वेगळी करणाऱ्या आर्णीच्या त्या जिनिंगमध्ये मी वजनकाट्यावर बसायचो. मुकादम यंत्रावरच्या बायांची पाळी सांभाळायचे. बंजारा तांड्यावरचा माणूस. आवाज असा, की गेटवरच्या गाड्यांचे बैल हुकूम समजून खाली बसत. पाळीच्या आधी ते कापसाच्या गंजीवर चढून भाषण ठोकायचे. पण कापूस पडला मऊ. भाषण जसजसं वर चढे, तसतसे मुकादम खाली बुडत. "याडी हो, आज नागपूरले दाखवून द्याचं हाय!" हे वाक्य येईतो कमरेपर्यंत आत. मग दोघीतिघी त्यांना काखेत हात घालून उपसत, तेव्हा कुठे काम सुरू होई. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. लेकीच्या वयाच्या पोरीलाही ते याडीच म्हणायचे.

ज्या यंत्रातून जास्त रुई निघे, त्याला पाळी सुटल्यावर ते फेटा बांधत आणि मागे पडलेल्या यंत्राशी अबोला धरत. एकदा तर असल्या यंत्रासमोर डबा न उघडता उपाशी बसले. जनाबाई म्हणाली, "अजी मुकादम, यंत्राले उपास कळते का? भाकर वाळून राह्यली ना!" ही जनाबाई त्यांची लाडकी. फेटा बहुतेक तिच्याच यंत्राला बसायचा.

सेठ हे सगळं बघून खूश होते, पण त्यांना रुईच्या गाठी अजून हव्या होत्या. यंत्राखालच्या पट्ट्यावर, कुणाचा हात आत जाऊ नये म्हणून, लोखंडी जाळी असते. तिच्यात रुई अडकते आणि ती काढायला यंत्र थांबवावं लागतं. सेठ म्हणाले, जाळ्याच काढून टाका, चालत्या यंत्रातच झाडू फिरवा. मुकादमांनी स्वतः पाना घेतला. आणि मुकादमच ते, त्यांनी त्याचाही सोहळा केला. नारळ फोडला, गुलाल उधळला. "याडी हो, बेड्या तुटल्या!" बायांनी टाळ्या पिटल्या.

त्याच आठवड्यात जनाबाईच्या लुगड्यावरच्या शर्टाची बाही पट्ट्यानं ओढली. उजवा हात कोपरापासून गेला. रुई पांढरी असते, असं मी तेव्हापासून मोठ्यानं म्हणत नाही.

चौकशीचे साहेब यायच्या आत सेठनी जाळ्या परत बसवून घेतल्या. मुकादमांनी फक्त एवढंच म्हणायचं होतं, की बाई बेसावध होती. तसं म्हटलं की जनाबाईला ना भरपाई, ना पुन्हा कुणी कामावर उभं करणार. खरं सांगावं तर भर हंगामात जिनिंगला कुलूप. शेवटी बायाच मुकादमांच्या पाया पडल्या. "आमच्या चुली नका इझवू, मुकादम. जनीचा हात काही फुटून येत नाही आता."

साहेबांनी विचारलं. मुकादम म्हणाले, "जाळी म्या काढली, साहेब. सांगतलं सेठनं, पर पाना माह्या हातात होता. ते बाई बेसावध नव्हती. म्या तिले कामात पळवलं."

सेठ किंचाळले, "अरे, खाल्ल्या मिठाला तरी जाग!"

"जागूनच राह्यलो, सेठ. मीठ तिच्याच हातचं होतं."

जिनिंगला कुलूप लागलं. सेठवर खटला, मुकादमांवरही. ज्या बाया त्यांना कापसातून उपसायच्या, त्या त्यांचं नाव निघालं की थुंकू लागल्या. पुढच्या हंगामात जिनिंग जाळ्यांसकट सुरू झाली. मुकादम मात्र पांढरकवड्याला हायवेवर ट्रकांची राखण करू लागले.

परवा कोर्टाच्या तारखेला ते आर्णीत आले होते. मीही गेलतो. बाहेर चहाच्या टपरीपाशी जनाबाई समोरून आली. मुकादमांनी मान खाली घातली.

"काहून जी, चहा पाजत नाही का?" ती म्हणाली.

त्यांनी चहा आणला. उभ्या उभ्या कप आणि बशी, दोन्ही तिला एका हातात धरता येईनात. मुकादमांनी चहा बशीत ओतला आणि बशी तिच्यापुढे धरली.

"फुका ना जराशी. तोंड भाजते."

मुकादम फुंकू लागले. चहा निवला, त्यावर साय धरली. जनाबाई हसून म्हणाली, "आना ना आता इकडे, अजी मुकादम," तरी ते फुंकतच होते.