मास्तरांची वहाण

बोरीत आमच्या घरामागच्या खळ्यावर एक मास्तर शाळेतल्या मुलांना फुटबॉल शिकवीत. त्यांचं नाव मला माहीत नाही; परक्या पुरुषाचं नाव मी कुणाला विचारणार? गोवऱ्या थापताना भिंतीआडून दिसत, तेवढेच. एखादं पोरगं चेंडू हुकून पडलं की मास्तरही मुद्दाम त्याच्या शेजारी धप्पकन पडत. मग ते पोरगंही हसत उठे.

एकदा मुलं जिंतूरला सामना हरून आली, तरी खळ्यावर मास्तरांसोबत हसत-खिदळत होती. खळं आमच्या मामंजींचं. ते तरातरा तिथे गेले.

"हरून बी दात काढायलेत! उद्यापासून खळं बंद."

"मालक, रडत घरी गेलेलं पोरगं उद्या खेळायला येत न्हाई," मास्तर म्हणाले. "एकदा तुमीच मारून बघा की."

मामंजींनी रागाने लाथ मारली. चेंडू जागीच राहिला आणि त्यांची वहाण उडून बाभळीत अडकली. पोरं भीतीने मागे सरकली. मास्तरांनी पाय झटकला आणि आपलीही वहाण बाभळीत उडवली.

आधी मामंजीच हसले. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण त्यांचं हसणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी खळं उघडंच होतं.