रडतंय तोवर

अनू, नीलू, काल कवळीसाठी हिरड्यांचं माप दिलं. मापासाठी तोंडात दाबलेल्या लगद्याच्या गोडसर वासाने तुमच्या बाबाचं तान्हेपण आठवलं, म्हणून हे लिहिते आहे.

तुमचा बाबा पंधरा दिवसांचा होता. त्याचा ओठ आणि टाळू जन्मतःच दुभंगलेले होते. शस्त्रक्रियेआधी दूध पिऊन वजन वाढावं, म्हणून टाळू झाकणारी प्लेट करायची होती. सोलापूरच्या डॉक्टरांनी मापाचा लगदा त्याच्या तोंडात दाबला. तो रडायला लागला. मी "उगी, उगी" करू लागले, तशा दवाखान्यातल्या आयाबाई ओरडल्या, "गप करू नगा बाई! रडू द्या की. रडतंय तवर श्वास हाय."

आणि त्याचं रडणं एकाएकी थांबलं; लगदा घशाकडे सरकला होता. डॉक्टरांनी बोटाने लगदा ओढून काढला, आयाबाईंनी तळपायाला टिचकी मारली. मग तो किंचाळला.

आज तो तुम्हाला ओरडतो. पण रडणारं मूल मध्येच थांबलं, की मी अजूनही आधी त्याची छाती हलते का ते बघते.